पाय निवडले, हात राहिले

सोमवार, सकाळ

प्रिय हॅल्वर,

फोन करून पाहिला. तू "बरं, बघू" म्हणालास आणि मागे ट्रॅक्टर सुरू झाला. ट्रॅक्टर सुरू झाला की बोलणं संपलं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून पत्र. "बरं, बघू" म्हणायचंच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून म्हण. लिहायला बसण्याआधी मी आमच्या संघाच्या निवड विभागाचे प्रमुख डनिगन यांना सांगून आले, की भावाला पत्र लिहिणार आहे आणि त्यात संघाचा विषय निघणार. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सिग्ने, भावाला पत्र लिहायला माझी सही लागते का? फक्त निवडीच्या बोर्डावरची नावं लिहू नको." बोर्डावरचं मला माहीतच नाही. तुझं नाव निघालं की मी बैठकीतून उठते आणि बाहेर पाण्याच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहते. इतकी वेळा, की झाडलोट करणाऱ्या बाईंनी परवा हळूच विचारलं, तुला साखरेचा आजार वगैरे आहे का गं. तेव्हा खाली जे आहे ते एकतर मी स्वतः पाहिलेलं, किंवा वर्तमानपत्रात छापून आलेलं, आणि बाकी माझा तर्क. तर्क करायला बंदी नाही, हेही मी विचारून घेतलं आहे.

आईशी मात्र रोज बोलणं होतं. चर्चमधल्या कॉफीच्या वेळी तू सांगून टाकलंस ना, की सॉयर्स संघानं ऑगीला काढलं, आता मीही संघ सोडून निघालो, आणि येत्या रविवारी अग्निशमन दलाच्या पॅनकेक न्याहारीला सगळ्या गावासमोर ते जाहीर करतो. तेव्हापासून आईकडे हॉटडिश यायला लागल्या आहेत. खिमा, बटाटे आणि वर चीज, झाकणाला फडकं बांधलेलं, मयताच्या घरी नेतात तशा. टोलेफसन बाईंनी तर दारातच आईचा हात थोपटला आणि म्हणाल्या, "धीर धर, मार्गिट." आई म्हणाली, "अगं, तो जिवंत आहे. मागच्या रानात खत पसरतोय." त्यावर बाई म्हणाल्या, "हो गं, तेच तर."  तीन हॉटडिश बाबांनी एकट्यानं संपवल्या. आई म्हणते, तू आणखी महिनाभर असाच घरी राहिलास तर बाबांचा पट्टा बदलावा लागेल.

तू घरी का बसला आहेस, असं कुणी विचारलं की तू पेरणी सांगतोस. बाबा सांगतात, पेरणी केव्हाच आटपली. वसंतातला सराव कागदावर ऐच्छिक असतो, पण अकरा वर्षांत तू तो कधी चुकवलेला नाहीस, आणि न येण्याचा अर्थ काय होतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मला परवा ते आपलं शेड आठवत होतं. तुझं-माझं पहिलं शिक्षण सगळं घरातच झालं. आईचं गणित स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणि बाबांचं फुटबॉल, आपलं अमेरिकन, लांबट चेंडूचं, यंत्रांच्या शेडमध्ये. बाबा गावातल्या शाळेच्या संघाचे कोच, पण त्यांच्या मते खरी शाळा ती शेडचीच. तू वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचास. मी मागे एका गुडघ्यावर बसून तो झेलायचा, टोकावर उभा करायचा, शिवण गोलाच्या दिशेला फिरवायची, वर एक बोट ठेवायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन लाथ मारायचं. हे सगळं एका श्वासात. थंडीत माझी बोटं निळी पडायची आणि मी रडायची, तेव्हा बाबा म्हणायचे, "रड, पण हात हलवू नको." ते मी इतकं मनावर घेतलं की अजूनही रडताना माझे हात स्थिर असतात. लोकांना ते विचित्र वाटतं. पण त्या शेडमुळेच मला एक गोष्ट कळली, जी टीव्हीवरच्या पंडितांना अजून कळलेली नाही: गोल मारणाऱ्याचं नाव फलकावर येतं, पण तो गोल तिघांचा असतो. टाकणारा, धरणारा आणि मारणारा. तिघांपैकी एक जरी अर्ध्या क्षणानं चुकला तर उरलेल्या दोघांचं कसब मातीत.

संघात टाकणारा तू, आणि तुझा धरणारा ऑगी. त्याचं मुख्य काम पंटचं, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेनं लांब उडवण्याचं, पण गोलाच्या वेळी तुझ्यामागे गुडघ्यावर बसायचा तोच. तुम्ही दोघं एकाच उन्हाळ्यात आलात, दोघांनाही ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं नव्हतं, एकाच खोलीत राहिलात. ज्या दिवशी माणसं कमी करतात त्या दिवशी सकाळी दारावर टकटक होते, "कोच बोलावतायत, डावांची वही परत घेऊन ये". आणि तुम्ही दोघांनी ठरवलं होतं की टकटक झाली तर दार दोघांनी मिळून उघडायचं. टकटक शेजारच्या खोलीवर झाली. ही गोष्ट तू मला निदान वीसदा सांगितली असशील. यंदा टकटकसुद्धा झाली नाही. ऑगी रंगाच्या दुकानात कुंपणासाठी पांढरा रंग घेत उभा होता आणि फोन आला. तू त्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोललास, "निदान दार तरी वाजवायचं." तुझा राग खोटा नाही. मलाही ते आवडलेलं नाही, आणि मी तिथे नोकरी करते.

आता ड्राफ्टचं. कॉलेजातल्या पोरांची निवड चालते तेव्हा बाहेरच्यांना वाटतं की माणसं येतात. येतात, पण त्यांच्यामागोमाग जातात किती, आणि जाणारा माणूस आणखी कुणाकुणाचा आधार होता, हे निवडीच्या खोलीत कुणाला सुचत नाही. तिथे सगळे येणाऱ्यांचे व्हिडिओ बघत असतात. दक्षिण टेक्ससचा रुबेन कान्तू म्हणून पोरगा. त्याची पंट इतकी उंच जाते की व्हिडिओ काढणाऱ्याला चेंडू सापडत नाही, नुसतं आभाळ दिसतं. खोलीत टाळ्या पडल्या. मी हात वर केला आणि विचारलं, हा पोरगा गोलासाठी चेंडू धरतो का? कारण त्याच्या कॉलेजच्या सगळ्या फिती मी पाहिल्या होत्या, आणि प्रत्येक गोलाला गुडघ्यावर दुसराच कुणी बसलेला होता. कोच बार्लो हसले. म्हणाले, "धरायचं काय घेऊन बसलीस? शेतावरची पोरगीही धरेल." मग त्यांना आठवलं मी कोण. त्यांचे कान लाल झाले, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि तेवढ्यात निवड जाहीर करून टाकली. पाय निवडले, हात बघायचे राहिले. हे मी चहाडी म्हणून सांगत नाही. बार्लोंनी स्वतःच ते नंतर पत्रकारांना सांगितलं.

सांगावंच लागलं, कारण नव्या पोरांच्या पहिल्या सरावाला पत्रकार हजर होते. रुबेन गुडघ्यावर बसला तो चर्चमध्ये बसल्यासारखा. पहिला चेंडू त्याच्या छातीवर आदळला. दुसरा त्यानं झेलला आणि उलटा उभा केला, शिवण थेट लाथ मारणाऱ्याकडे. तिसरा बोटाखालून कलला, आणि गोल मारणाऱ्या आपल्या डेलनं, ज्यानं गेल्या मोसमात एकही सोपा गोल चुकवला नव्हता, जोरात हवेला लाथ मारली, त्याचा बूट उडाला आणि तो पाठीवर पडला. पडल्या पडल्या म्हणाला, "कुणीतरी ऑगीला फोन लावा रे, निदान माझा बूट तरी शोधून देईल." सगळे हसले. रुबेनही हसला, पण नंतर तो मला कॉरिडॉरमध्ये भेटला आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. टेक्ससची पोरं फार अदबीची. म्हणाला, "मॅडम, मी कुणाची जागा घ्यायला आलोय ते मला माहीत होतं. त्या माणसाला दोन नोकऱ्या होत्या, हे कुणी सांगितलंच नाही."

आता माझा तर्क, आणि मी तो तुझ्यापुढे अगदी ठामपणे मांडते आहे. मी ठामपणे फार थोड्या गोष्टी बोलते, तेव्हा लक्ष दे. लोक म्हणतात ऑगी गेला, पुढचा नंबर हॅल्वरचा. टोलेफसन बाईही तेच म्हणतात. मला उलटं दिसतं. राखीव क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्याच्या बदली खेळाडूला, धरायला लावतील असं वर्तमानपत्र म्हणतं. तो दिवसभर दुसऱ्या बैठकांत असतो, त्याला सरावाला वेळ कुठला? मोसमासाठी ठेवायची माणसं मोजकी, नुसता चेंडू धरायला वेगळा माणूस कुणी ठेवत नाही. म्हणजे रुबेनलाच शिकावं लागणार, आणि तो शिकेपर्यंत त्याच्याकडे येणारा चेंडू दर वेळी त्याच उंचीवर, तेवढ्याच फेऱ्या घेऊन, तसाच यायला हवा. तसा चेंडू टाकणारा माणूस त्यांच्याकडे एकच आहे. नवा ट्रॅक्टर, नवा नांगर आणि नवा गडी एकाच दिवशी रानात उतरवू नये, असं बाबा म्हणतात, आणि कोच बार्लोसुद्धा शेतकऱ्याच्याच घरचे आहेत. या ड्राफ्टनं तुझी जागा गेलेली नाही, हॅल्वर. ती आधी होती त्यापेक्षा पक्की झाली आहे. फक्त तू त्या जागेवर उभा हवास.

आणि आता जे लिहिते त्याचा तुला राग येईल. तू म्हणतोस, ऑगीसाठी निघतोय. मी शनिवारभर यावर विचार केला, तू माझा भाऊ आहेस म्हणून तुझ्या बाजूनंही केला. मला वाटतं तुला ती टकटक नको आहे. तेहतिशी उलटली, सकाळी उठताना पाठ धरते, आणि ज्या दारामागे तुम्ही दोघं होतात तिथे आता तू एकटाच. आपणच आधी निघून गेलो तर दार वाजायचा प्रश्नच नाही. हे मला कळतं, कारण मीही अशीच आहे. कुणी नको म्हणेल या भीतीनं मी कित्येक गोष्टी विचारलेल्याच नाहीत. पण मी निदान त्याला माझी भीती म्हणते. दुसऱ्याचं नाव देत नाही.

हे मी एरवी लिहिलं नसतं. लिहिण्याचं कारण असं. माझ्या घरामागे ल्यूथरन चर्चच्या शाळेचं मैदान आहे. गेल्या आठवड्यात सकाळी मी तिथून ऑफिसला निघाले तर कुंपणाशी ऑगीचा ट्रक उभा होता, आणि आत ऑगी गुडघ्यावर बसलेला, त्याच्या शेजारी रुबेन. तो त्याला शिकवतो आहे. रोज. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला कळवलेलंही नाही. मी जवळ गेले तर म्हणाला, "हॅल्वरला सांगू नको. तो माझ्यासाठी धावत येईल. मला तो स्वतःसाठी यायला हवाय." मी हो म्हणाले नाही, मानही हलवली नाही, मुद्दाम लक्षात ठेवून हलवली नाही, म्हणून वचन मोडलं असं होत नाही. मी विचारलं, तुला काढलं त्यांच्यासाठी तू हे का करतोस? तो म्हणाला, "त्यांच्यासाठी नाही करत. हॅल्वरचा चेंडू कुणी खाली पाडलेला मला टीव्हीवर बघवणार नाही." आणि तू रविवारी गावासमोर त्याच्या नावानं खेळ सोडायचा म्हणतोस. सोडायचा असेल तर सोड, मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही, पण तो स्वतःच्या नावावर सोड. त्या मैदानावर त्या दोघांना चेंडू टाकायला कुणी नाही. मी दोन दिवस टाकून पाहिला. पहिला रुबेनच्या नडगीवर बसला आणि दुसरा शाळेच्या छपरावर गेला, तो अजून तिथेच आहे. मग ऑगीनं मला बाजूला बसवलं आणि रुबेनला तुझा चेंडू नुसता सांगायला सुरुवात केली. कसा येतो, किती वेगानं येतो, आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. "हात इथे ठेव आणि हलवू नको, तो बरोबर इथेच येणार." रुबेननं हात तिथे धरले आणि किती तरी वेळ तसाच बसून राहिला. समोर टाकणारं कुणी नव्हतं.

तुझीच,
सिग्ने