पायाळूची कंबर

रविवार, ११ जानेवारी १९९८
आज सकाळी ओट्यावर सावळारामच्या कमरेला पाय लावला. तो सरळ झाला आणि मी वाकडा!
आईच्या पोटातून मी पायाकडून आलो, म्हणून पायाळू. निरगुडसरात कोणाला उसण भरली की माझं दार. त्याने पालथं पडायचं, मी एका पायावर उभं राहून डावा पाय तीनदा कमरेला लावायचा. आईने घालून दिलेला नेम – पैसा घ्यायचा नाही आणि कोणाला नाही म्हणायचं नाही. आई गेली, नेम राहिला.
पण माझीच कंबर सहा वर्षं दुखते. हे घरात फक्त हिला ठाऊक. पायाळूने कोणाचा पाय शोधावा?

मंगळवार, १३ जानेवारी
हिने ऐकलं नाही. मंचरला नेलंच. गावात सांगितलं, कांद्याचं औषध आणायला चाललोय.
डॉक्टरीणबाई तरुण. पाठ दाबून पाहिली. म्हणाल्या, "हाडाला काही नाही काका, स्नायू आखडलेत. जुनं दुखणं आहे, हळूहळू जाईल. व्यायाम मात्र रोज हवा. एका पायावर उभं राहायचं काही काम करता का?"
ही म्हणाली, "करत्यात की. साऱ्या गावाला लाथा घालत्यात."
बाई इतक्या हसल्या की हातातलं पेन खाली पडलं.

शुक्रवार, १६ जानेवारी
व्यायाम असा – उताणं पडायचं, गुडघे मोडायचे, कंबर उचलून दहा आकडे धरायची. मी आकड्यांऐवजी रामकृष्णहरी म्हणतो. दहा वेळा म्हटलं की कंबर खाली. ही चुलीपाशी भाकरी थापत म्हणाली, "आडवं पडून देवाचं नाव घेणारा भक्त आजच बघितला."

रविवार, २५ जानेवारी
रखमाजी आला. पाय लावला. दिवसभर चपलेत पाय घालायला वाकता आलं नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
फरक आहे. खुरपताना आता वाकत नाही, गुडघे टेकून बसतो. बांधावरून सावळाराम ओरडला, "काय हरवलं का भाऊ?" म्हटलं, "व्हय, कंबर." त्याला चेष्टा वाटली.

रविवार, ८ फेब्रुवारी
शेजारचा सोपान आला. तिशीतला गडी, टेम्पोत कांद्याच्या गोण्या भरतो. त्याचा हा ओळीने चौथा रविवार.
पाय लावून झाल्यावर विचारलं, "किती दिवस बरं वाटतं रे?"
"दोन दिस. मंग हायेच. पण तुमचा पाय हाय म्हणून बरंय भाऊ, न्हायतर दवाखाना गाठावा लागला असता."
तो हसत गेला. मला जेवण गेलं नाही. माझं दुखणं असंच सुरू झालं होतं. मी चोरून मंचरला जातो आणि याला माझ्या पायाच्या भरवशावर ठेवतो. उद्या गोणी उचलता आली नाही तर त्याची दोन लेकरं काय खातील?

सोमवार, ९ फेब्रुवारी
देवापुढे बसलो. आईचा नेम मोडू का, विचारलं. तो काही बोलला नाही, कधी बोलतो? पण उठलो तेव्हा मन ठरलेलं होतं. येत्या रविवारी सोपानला सगळं सांगायचं.

रविवार, १५ फेब्रुवारी
सांगितलं नाही. सोपानच्या आधी सारजाबाई काठी टेकत आली, माझ्या पायाला हात लावून म्हणाली, "देवानं दिलंय बाबा तुला." दोघांनाही पाय लावला. भित्रा मी.

सोमवार, १६ फेब्रुवारी
ही म्हणाली, "आईंनी नाही म्हणू नका सांगितलं. खोटं बोला असं कुठं सांगितलं?"

रविवार, २२ फेब्रुवारी
सोपान ओट्यावर पालथा पडला. मी पाय उचलला नाही. चार माणसं बसली होती, त्यांच्यादेखत बोललो – माझीच कंबर सहा वर्षं दुखतेय, मी मंचरला जातो, आजपासून कोणाला पाय लावणार नाही. सोपान तसाच पडून मान वळवून म्हणाला, "आन् मी महिनाभर फुकट लाथा खाल्ल्या व्हय?" सगळे हसले, सारजाबाई सोडून.
परवा सकाळच्या एसटीने तो माझ्याबरोबर दवाखान्यात येतोय.