आधी आभार, मग तक्ता तीन

६ फेब्रुवारी २००६, सोमवार
आयुष्यातला पहिला संशोधन पेपर छापण्याआधीच्या रिव्ह्यूला आला. म्हणजे आला माझ्या सुपरवायझरना, डॉ. पेनींना. त्यांनी संपादकांना विचारून माझ्याकडे दिला. नीट केलास तर जर्नलच्या रिव्ह्यूअर्समध्ये तुझं नाव जाईल, म्हणाल्या. विषय एका नदीतलं फॉस्फेट. नऊ पानं. मुदत तीन आठवडे. मी एका आठवड्यात देणार.

७ फेब्रुवारी
रिव्ह्यूअर्ससाठी बारा पानांची मार्गदर्शिका आहे. ‘सुरुवात आभारांनी करा.’ किती माणुसकीचं वाक्य! तीन रंगांनी अधोरेखित केलं. बारावं पान नुसतं वेबसाइट कशी वापरायची याबद्दल. पीएचडी करणारीला ते काय शिकवायचं? सोडलं.

११ फेब्रुवारी, शनिवार
पेपर अजून उघडला नाही. मन तयार व्हायला हवं.
साताऱ्याला फोन केला. घरात मी पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे पुढचं सगळं समजावून सांगावं लागतं. बाबांनी विचारलं, मग पास करणार की नापास? म्हटलं, इथे असं नसतं. तर म्हणे, तरी बघ हं, कुणाच्या तरी पोराचं वर्ष जायचं.

१९ फेब्रुवारी, रविवार
आठवडा उलटला, पण सापडलं! तक्ता तीन. मिलिग्रॅमला मायक्रोग्रॅम म्हटलंय. म्हणजे फॉस्फेट प्रत्यक्षात हजारपट, आणि ‘नदी स्वच्छ आहे’ हा निष्कर्ष साफ उलटा. लोक त्या नदीत पोहतात.
पण एकदम तोंडावर मारायचं नाही. आधी आभार, मग कौतुक, मग भाषा. तक्ता तीन शेवटी.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार
रिपोर्ट चौदा पानं झाला. दमले. आभारच दीड पान, पण ते कापवत नाहीत.
घरमालकीण मिरियम आंटी मूळच्या मुंबईच्या ज्यू, इथे परदेशात एजवेअरमध्ये तीस वर्षं, माझ्याशी हट्टाने मराठीत बोलतात. शब्बाथचे दिवे लावण्याआधी डोकावल्या. म्हणाल्या, अगं बाई, तुला वाचायला दिलंय की परत लिहायला?
त्यांना शास्त्रातलं कळत नाही.

२ मार्च, गुरुवार
मुदत उलटून तीन दिवस. डॉ. पेनींची दोन ईमेल्स. दर्जाला वेळ लागतो.
अखेर सगळा रिपोर्ट वेबसाइटवरच्या चौकटीत पेस्ट केला. खाली शिफारशीचे चार पर्याय होते, ‘स्वीकारा’पासून ‘नाकारा’पर्यंत. कुणाच्या दोन वर्षांच्या कष्टांचा निकाल एका टिकमार्कने लावायचा? रिकामं ठेवलं. रिपोर्ट बोलेल.

९ मार्च, गुरुवार
संपादकांचं उत्तर. इतका मनापासून पाठिंबा देणारा रिव्ह्यू त्यांनी कधी वाचला नव्हता. दुसरा रिव्ह्यूअरही अनुकूल. पेपर स्वीकारला.
वेबसाइटवर जाऊन पाहिलं. माझा रिपोर्ट आभारांच्या मधेच तुटलाय. शेवटचे शब्द: ‘आणि पुन्हा एकदा’.
बारावं पान वाचलं. चौकटीत दोन हजार अक्षरं मावतात. मोठा रिपोर्ट फाइल म्हणून जोडावा.
डॉ. पेनींना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, एका ओळीचं ईमेल कर. तक्ता तीन चूक आहे, बस. आत्ता, छापायच्या आत.

संध्याकाळ
बाबांचा फोन. पास केलंस ना? हो म्हटलं. खरं तर झालं तसंच होतं. गुणाची गं माझी, म्हणाले.
ईमेल सुरू केलंय. पण संपादकांनी एवढं कौतुक केल्यावर एकदम तक्ता तीन कसं म्हणायचं?
दोन परिच्छेद झाले. अजून आभारच चालू आहेत.