दोन कादंबरीकार आणि लव्हॉनचा प्रश्न

होल्मगेट, सस्कॅचेवान
मार्च महिना, पण इकडे कोणी त्याला तसं कळवलेलं दिसत नाही

प्रिय टेक्ला मावशी,

इथूनच वाकून नमस्कार. (कंबर आता अर्ध्यावर थांबते, उरलेला नमस्कार तू समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? चर्चच्या स्वयंपाकघरात अजून तूच बटाट्याचं सारण भरून पिरोगीच्या कडा दाबतेस, आणि नव्या सुनांनी दाबलेल्या त्यांच्या देखत पुन्हा दाबतेस, असं कानावर आलं. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालतो.

आमचं बरं चाललं होतं. होतं असं लिहितो, कारण मध्यंतरी ग्रंथालयात आमचा लेखकांशी गप्पांचा कार्यक्रम झाला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो मीच चालवतो. हिवाळ्यात दर महिन्याला एखादा कथा-कादंबरीवाला बोलवायचा, त्याला खुर्चीत बसवायचं आणि पात्रं कुठून सुचतात, शेवट आधी ठरतो की नंतर, असलं काहीबाही विचारायचं. खरं उत्तर कोणी देत नाही, पण कॉफी फुकट असते म्हणून गाव येतं. यंदा मला वाटलं, एकाऐवजी दोघांना बोलवावं, जरा वाद रंगेल. एक रॉडरिक ऑल्डरशॉ. हा गृहस्थ पहिलं वाक्य लिहिण्याआधी कादंबरीतला कोणता माणूस कुठल्या पानावर शिंकणार तेसुद्धा ठरवून ठेवतो. दुसऱ्या बर्नीस ट्रेनहोम. पुढच्या पानावर काय होणार ते यांना वाचकाच्याही नंतर कळतं. अशी जोडी शोधून काढल्याबद्दल मी स्वतःवर इतका खूश होतो की त्यांची पुस्तकं वाचायची राहूनच गेली. (लव्हॉननं वाचली होती. सगळी. बायको माझीच, घर माझंच, आणि माझ्याच समोरच्या खुर्चीत बसून वाचली म्हणे.) त्या दोघांचं एकमेकांशी लग्न झालं होतं आणि ते मोडलंही होतं, हे मला फार उशिरा कळलं.

रिजायनाच्या विमानतळावरून दोघांना मी एकाच गाडीतून आणलं. मागच्या सीटवर बसून दोघंही पूर्ण रस्ताभर आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. आता आमच्याकडे या दिवसांत खिडकीबाहेर काय असतं? (बर्फ असतो, पण तो नोव्हेंबरातलाच.) तरी इतकं मन लावून बघताना पाहून मला वाटलं, लेखकाचं निरीक्षण म्हणतात ते हेच. बोलणं काढावं म्हणून मी म्हणालो, तुमची आधीची ओळख असेलच. त्यावर बर्नीसबाई म्हणाल्या की त्यांनाही पूर्वी तसंच वाटायचं. मला तो विनोद वाटला आणि मी चांगला मोठ्यानं हसलो. गाडीत एकटाच.

कार्यक्रमात पहिला प्रश्न मी ठरवल्याप्रमाणे टाकला, कादंबरी आखून लिहावी की सुचेल तशी? ऑल्डरशॉ म्हणाला, आखणी नसली की माणसं मध्येच उठून निघून जातात. बाई म्हणाल्या, समोरच्यानं तोंड उघडण्याआधी त्याचं वाक्य ठरवून ठेवलं, तर त्यानं दुसरं करायचं काय? तो म्हणाला, निघून जायलाही कारण लागतं आणि ते आधीपासून दिसावं लागतं. त्या म्हणाल्या, अकरा वर्षं पानोपानी दिसत होतं, वाचणाराच डुलक्या घेत होता. गाव भराभर टिपणं घेत होतं. पहिल्या रांगेतल्या आमच्या गुरांच्या डॉक्टरनं 'अकरा वर्षं' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. एका कादंबरीला तेवढा वेळ लागतो असा त्याचा समज झाला असावा. मी पुढचा प्रश्न विचारला, संवाद जिवंत कसे करावेत? माझ्या कार्डावर तोच होता, मी काय करणार?

तेवढ्यात मागं कॉफीच्या किटलीपाशी उभ्या असलेल्या लव्हॉननं हात वर केला. आजवर या कार्यक्रमात तिनं कधी काही विचारलेलं नाही, त्यामुळे मला वाटलं साखर संपली. पण ती शांतपणे म्हणाली, "ऑल्डरशॉसाहेब, तुमच्या प्रत्येक कादंबरीत नायकाला बायको आहे. ती दारं उघडते, पडदे ओढते, एकदा तर बोटीतून तळ्यात पडते. पण ती एक शब्द बोलत नाही. असं का?"

ऑल्डरशॉनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"लिहून पाहिलं," तो म्हणाला. "दर वेळी ती माझ्यासारखीच बोलायला लागायची. मग खोडून टाकायचो."

बर्नीसबाई त्याच्याकडे वळल्या, विमानतळ सोडल्यापासून पहिल्यांदाच.

"मला विचारायचंस ना," त्या म्हणाल्या. "मी पलीकडच्याच खोलीत होते."

तेव्हा कुठे गुरांच्या डॉक्टरनं पेन्सिल खाली ठेवली.

त्यात वाऱ्यानं बर्फ उडवून हमरस्ता बंद केला, आणि दोघांनाही आमच्याकडे मुक्काम करावा लागला. (बाई पाहुण्यांच्या खोलीत, तो शिवणयंत्राच्या खोलीत. लव्हॉननं ठरवलं, मला कोणी विचारलं नाही.) सकाळी पिरोगी खाताना त्यानं खाली मान घालून विचारलं की बोटीतून पडल्यावर ती काय म्हणाली असती? बाईंनी आधी आंबट साय वाढून घेतली. मग म्हणाल्या, पडल्यावर काही म्हणाली नसती, पोहायला लागली असती. जे म्हणायचं ते बसतानाच म्हणाली असती, की मला या बोटीत यायचंच नाही. त्यानं ते लिहून घेतलं. स्वल्पविरामावरून पुन्हा जुंपली, पण ते भांडण ताटातलं संपवत संपवत चाललं होतं. रस्ता उघडल्यावर मी त्यांना सोडून आलो. दोघं निरनिराळ्या विमानांनी गेले. लग्न पुन्हा जुळलं वगैरे काही नाही, उगाच चर्चमध्ये सांगत सुटू नकोस. एवढंच, की जाताना मागच्या सीटवर ते बोलत होते आणि मी गप्प होतो.

इथे थांबतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण तुझ्याहून वडील आता कोणी उरलेलं नाही, तेव्हा तोही तूच घे.

तुझा भाचा,
ओरेस्ट

ता. क. हे पत्र लव्हॉनच्याच हाती देतोय. ती उद्याच्या बसनं तुझ्याकडे विनिपेगला येते आहे. पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. २. आता खरं काम. पाहुणे गेल्यावर लव्हॉननं भांडी पुसता पुसता मला विचारलं, "ओरेस्ट, तू कादंबरी लिहिलीस तर मी त्यात काय बोलेन?" मी पुष्कळ विचार केला. शेवटी म्हणालो, "जेवायला चल." ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बॅग काढली. मावशी, ती तिकडे काय बोलते ते ऐकून मला जसंच्या तसं कळव, तुझ्या सवयीनं सुधारून नको. आणि परत येणार आहे का, तेवढं सगळ्यात आधी कळव.

ता. क. ३. मावशी, मी लव्हॉन, बसमधून. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. मी रुसून वगैरे येत नाहीये. मला दाढ काढायची आहे आणि दाताच्या डॉक्टरची वेळ तुमच्याकडचीच मिळाली. हे त्याला तीनदा सांगितलं, त्यातल्या एका वेळी तर त्याचं तोंड माझ्याकडे होतं. शनिवारी परत जाईन. पण त्याला एवढ्यात काही कळवू नका. मी काय बोलते याचा तो पहिल्यांदाच विचार करतोय, अजून थोडा करू दे.