कूलर नव्हे, एसी!

जठारपेठ, अकोला
२ मे

तुह्या भावानं माह्या खिडकीत लोखंडी डबा कोंबला, अन् घर काही थंड होऊन नाही राहिलं! बाजारातल्या बाया इचारतात, एसी कसा हाय. काय सांगू, कपाळ?

चि. वर्षालीले आजीचा आशीर्वाद. फोनवर तू नुसती खिदळते, म्हणून लिवलं. पहिलं बाळंतपण माहेरी होते, हे तुह्या सासूले मालूम नाही काय? आमच्याकडं एसी हाय, अकोल्याच्या उन्हात सून धाडत नाही, असं ज्योत्स्नाबाई बोलल्या म्हणूनच चंदननं हा घेतला. बटन दाखवून बाळापूरले कांदा काढाले गेला. मी कूलरपेक्षा जास्त सेवा केली. बाहेरून बादलीनं पाणी मारलं, हवा खेळावी म्हणून दारं सताड उघडी ठेवली. तरी ढिम्म!

उपाय कळव. जिवाले जप.
आजी पार्बताबाई

राजापेठ, अमरावती
५ मे

ती. आजीस वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

इतकी हसले की पोटातल्यानं लाथ मारली. आजी, एसीला आंघोळ घालत नाहीत! कूलरला दार उघडं लागतं, याला बंद. तू तर अख्खी जठारपेठ थंड करायला निघालीस. आधी मेन बंद कर, मेकॅनिकला बोलाव. पाणी मारू नकोस, शॉक बसेल.

सासूबाई वाईट नाहीत गं. त्यांच्या भाचीला सातव्या महिन्यात ऊन लागलं होतं, तेव्हापासून घाबरतात. मला यायचंच आहे. खोली थंड झाली की कळव, मी गळ घालते.

आहे तशी माया राहू दे.
तुझी वर्षाली

जठारपेठ, अकोला
९ मे

चि. वर्षालीले आशीर्वाद. धर्मपाल मेकॅनिक आला. त्यानं मले झापलं, मी त्याले झापलं, मग दोघं चहा प्यालो. दार लावलं अन् मायं, भर मे महिन्यात गोधडी काढली! शेजारची सिंधू जरा टेकाले आली, ते उठूनच नाही राहिली. चंदन मेथीच्या जुड्या आत ठेवाले आला, ताज्या राहतात म्हणे. हाकलला. ती खोली माह्या नातीची हाय.

ज्योत्स्नाबाईले सांग, त्यायचं भेवणं बरोबर हाय, आमचं ऊन आमाले मालूम हाय. म्हणून त्यायनंच तुले घेऊन याव, दोन रात्री त्या खोलीत झोपाव. थंडी वाजली तर दुसरी गोधडी देतो.

उत्तर तू लिवू नको. तुह्या सासूनं लिवाव, अन् कोणत्या गाडीनं येता तेवढंच लिवाव.
आजी