थंड असतानाच मोजायचं

प्रिय आई,

काल बाबांच्या तोंडून एक गोष्ट निघून गेली. तेव्हापासून तुझ्यावर राग आहे. तो तुलाच सांगायला हवा, म्हणून लिहिते आहे.

माझं काम तुला एकदा सांगितलं होतं, आठवतं? खूप थंड डब्यात ठेवली की वीज कुठेही न अडखळता वाहून नेणारी अतिवाहक पट्टी. कणांना वेग देणाऱ्या यंत्रांची चुंबकं तिच्यापासून करायची आहेत. तिथे तिच्यावर किरणांचा मारा होत राहणार. तो ती किती सोसते, हे मी मोजते. थोड्या माऱ्याने ती आधी सुधारते, जास्त वीज नेते. मग घसरते.

तेव्हा नागपूरला तुझ्या पाठीला कॅन्सरवरचे किरणांचे शेक चालू होते. तू म्हणालीस, "मले अन् तुह्या पट्टीले एकच शेक काय वं?"

नाही, सगळंच वेगळं, मी म्हटलं.

"बरं झालं. नाहीतर मलेही त्या थंड डब्यात ठेवशीन."

त्या डब्याचं कारण सांगायचं राहिलं. मारा झालेली पट्टी बाहेर काढून कोमट होऊ दिली, की जागेवरून हललेले काही अणू परत जागी जातात. इजा कमी दिसते. यंत्रात तर ती थंडच राहणार. म्हणून आकडा थंड असतानाच घ्यायचा. कोमट झाल्यावर मोजलं, तर मी सहकाऱ्यांना सुनावते.

आणि तू? रोज दुपारी राजूरहून फोन. आवाज स्वच्छ. "मी बरी हाओ. तू जेवली का?" मी त्या आवाजावर विसंबले आणि तू गेल्यावर पोचले.

आता बाबा खोकतात. खाणीतला जुना खोकला आहे, म्हणतात. तेही दुपारीच फोन करतात. काल विचारलं, सकाळी का उचलत नाही? हसले.

"गोळी लागू पडू दे ना. तुही माय बी तशीच करे. दुखणं दबलं का मंगच मले म्हणे, लावा फोन."

खोकल्याला दुखणं दाबायची गोळी कशाला लागते, आई? ती कुणी दिली, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी घाबरले असते, एवढंच ना? घाबरू द्यायचं होतंस.

आज त्यांना फोन करणार नाही. संध्याकाळच्या गाडीने निघते. सकाळी ते गोळी घेण्याआधी मी समोर असेन. जे दिसेल ते त्यांना सांगेन, मग तुला. काहीही कमी न करता.

तुझी,
प्रज्ञा