अस्वलाच्या रिळाची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, थिएटरात एकेचाळीस वर्षे मशीन चालवलेला ऑपरेटर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांनी तपासलं आहे.

१. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि प्रोजेक्टर माझ्या मुलीला. ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. "चांगल्या शाळा काय मेल्या होत्या?" असं विचारणाऱ्या माझ्या बहिणीला काही नाही.

२. फिल्म जोडायचं यंत्रही मुलीलाच. गंजवलंस तर भूत होऊन येईन.

३. आता मुद्द्याचं. अस्वलाचं रीळ. सात मिनिटांचं, हाताने काढलेलं जुनं कार्टून. रंगारी अस्वल ज्या शिडीवर उभं आहे तीच रंगवतं, घसरतं, अकरा वेळा आपटतं आणि टोपी झटकून पुन्हा चढतं. संवाद एकही नाही, म्हणून तर शाळेतली पोरं पोट धरधरून हसतात. याच्या प्रती आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, त्यामुळे संग्राहक हात धुऊन मागे लागलेत.

त्यांत पहिला माझा पुतण्या. चौदा वर्षांपूर्वी म्हणाला, "काका, मशिनवर चढवू नका हो, ओरखडा पडला की मोल गेलं." मी म्हटलं, "अरे, बघायचं नाही तर काय लोणचं घालायचंय?" पण हटूनच बसला. शेवटी सीलबंद डबा घेऊन गेला. आता पाहुण्यांना काचेच्या कपाटातून दाखवतो.

त्या डब्यात 'दात कसे घासावेत' हा प्रचारपट आहे. मीच भरला. सील तुटेल या धास्तीने पठ्ठ्याने आजवर उघडलेला नाही. फसवलं? होय, फसवलं! लाज वाटत नाही. सांगतोय ते एवढ्यासाठीच, की उद्या तो डबा कुणाच्या गळ्यात मारून त्याने तोंडघशी पडू नये.

४. खरं रीळ शाळेला. दर शनिवारी चालतं, तसंच चालावं. कुलूप लावायचं नाही. तुटलं की जोडा. जोडण्यापलीकडे गेलं की कापून पोरांना एकेक तुकडा वाटा. विकायचं नाही म्हणजे नाही, मग कुणी कोर्टात जावो.

५. पुतण्या, लहानपणी माझ्या केबिनमध्ये हेच रीळ बघताना हसून हसून तुझी चड्डी ओली व्हायची. तो पोरगा माझा फार लाडका होता. राग उतरला की एका शनिवारी शाळेत ये, पोरांच्यात बस. लाजू नकोस, तिथे कितीही मोठ्याने हसलास तरी कुणाला ऐकू जाणार नाही.

सही: ऑपरेटर
साक्षीदार: १. डॉक्टर (शुद्धीची खात्री केली, रीळ दोनदा पाहिलं)
२. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई
ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ३ ऑगस्ट, शनिवार