तीन दातांचा तात्पुरता पूल

तुम्ही नावाजलेल्या दातांच्या डॉक्टरने मला टोपी घातली. ही तक्रार आधी, नमस्कार मागून. इथे राहायला आल्या होतात तेव्हा त्याच्याकडून कवळी करून घेतलीत आणि त्याचा हात लोण्यासारखा आहे म्हणून इमारतभर सांगत फिरलात. तो हात माझ्या तोंडात कोपरापर्यंत जाऊन आला. लोणी कुठे लागलं नाही.

आता तीर्थस्वरूप वन्संना नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, कारण विचारलं तर तुम्ही सांगाल. इकडे सर्व ठीक आहे असं पत्रात लिहायचं असतं, म्हणून लिहिते.

झालं असं की तुमच्या भाच्याच्या, म्हणजे माझ्याच लेकाच्या, शर्टाचं बटण लावत होते आणि दोरा दाताने तोडला. जन्मभर तसाच तोडत आले. कात्री शोधत बसलं तर तेवढ्यात दुसरं बटण लावून होतं. या खेपेला दोरा शाबूत राहिला आणि दात तुटला. (सून म्हणाली, कात्री तुमच्या मांडीवरच होती. होती. पण ते मला सांगायचं काही अडलं नव्हतं.) डॉक्टरने राहिलेला तुकडा काढला, हिरडी भरू दिली आणि मग म्हणाला, इथे पूल बांधू. मला वाटलं एक दात गेला तर एक दात लावेल. तसं नसतं म्हणे. पूल म्हटला की दोन्ही टोकांना खांब आले, म्हणून शेजारचे दोन धडधाकट दात मशीनने घासून घासून त्यांचे खुंट केले. मधल्याचं घर पडलं म्हणून दोन्ही शेजाऱ्यांची पाडायची, असा हा धंदा. घासताना तोंडातून पाणी, धूर आणि जळक्या शिंगाचा वास येत होता, आणि तो मला विचारतो, आजी, सुट्टीत कुठे जाऊन आलात का. तोंडात त्याची पाच हत्यारं. मी काय उत्तर देणार?

मग पत्र्याच्या पसरट चमच्यात निळा लगदा भरून तो तोंडात कोंबला आणि माप घेतलं. खरा पूल दुसरीकडे बनून येतो. आत धातू, वरून चिनी माती, म्हणजे कपबशीच्याच जातीचा. तो येईपर्यंत खुंट उघडे ठेवता येत नाहीत, म्हणून मधल्या दिवसांपुरता प्लास्टिकचा करतात. पांढरी पूड आणि एक पातळ औषध माझ्यासमोरच कालवलं, वास थेट नखांना लावायच्या रंगाचा. तो गोळा खुंटांवर दाबून बसवला, घट्ट होता होता चांगला तापला आणि मग काढून त्याला दातांचा आकार दिला. हे सगळं करायच्या आधी तो म्हणाला, "आजी, आता तुम्हाला तात्पुरती टोपी घालतो." कॅप म्हणाला असता तर मला कळलं असतं, आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायकांच्या तोंडात कॅपा आहेत. पण म्हाताऱ्या माणसांशी मराठीतच बोलावं असं त्याला कोणी तरी शिकवलेलं दिसतं. मी म्हटलं, बाबा रे, तू निदान सांगून घालतोस. हसला. हसायला त्याचे स्वतःचे दात होते.

चिकटवायचं औषध लवंगेच्या वासाचं आणि मुद्दाम कच्चं, कारण पुढे ते निघायला हवं. वर नियम. कडक खायचं नाही, चिकट खायचं नाही, फार गरम प्यायचं नाही, त्या बाजूने चावायचं नाही. मग हे तोंडात ठेवायचं कशाला, असं विचारलं तर म्हणाला, जागा धरून ठेवायला. म्हणजे रांगेत पिशवी ठेवून माणूस घरी जातो, तसं.

त्यातच तळमजल्यावरचे पोस्टमास्तर वारले. माझं आणि त्यांचं कधी पटलं नाही, टाकीचं पाणी कोणी संपवलं यावरून आम्ही उभा जन्म काढला. तरी सुनेला घेऊन भेटायला गेले. चटके बसतील असा चहा हातात आला, नाही म्हणणं बरं दिसेना, दोन घोट घेतले, आणि त्या वाफेने लवंगेचं औषध विरघळून पूल सुटला. सुटून सरळ घशाकडे निघाला. मी पदराचा बोळा तोंडाला लावून खाली वाकले, खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. झालं. एकीने पाठ चोळली, दुसरी म्हणाली, मोकळं रडून घ्या, आत ठेवू नका. मी आत ठेवायचाच प्रयत्न करत होते, तीन दात होते ते. पोस्टमास्तरीणबाई रडायच्या थांबल्या आणि माझ्याकडे टक लावून बघत बसल्या. अजून जिन्यात भेटल्या की तशाच बघतात. या वयात नवा कलंक लागला, आणि तोही त्या माणसावरून.

हे ऐकून तुम्ही हसाल. हसा. पण माझी सून हसली नाही, वन्सं. एरवी तिने ही गोष्ट रात्रीपर्यंत गच्चीपर्यंत पोचवली असती. जिना चढताना तिने माझा हात धरला. घरी आल्यावर चहा केला (कोमट) आणि न मागता दोन चमचे साखर घातली. साखरेचा डबा जी बाई माझ्यापासून कपाटाच्या वरच्या फळीवर लपवते, ती. 

दुसऱ्या दिवशी तुमचा भाचा कामावर दांडी मारून माझ्याबरोबर डॉक्टरकडे आला. तेही नवलच. खुंट ठणकत होते म्हणून डॉक्टरने सुई देऊन जबडा बधिर केला आणि गालात कापूस भरला. मग दोघे हात धुवायच्या भांड्याजवळ उभे राहून हळू आवाजात बोलायला लागले. तोंड बधिर केलं होतं, कान नव्हते केले. डॉक्टर सांगत होता, हिरडी बसली आहे, खऱ्या पुलाचं माप पुन्हा घ्यावं लागेल, अजून बऱ्याच खेपा होतील. भाच्याने विचारलं, हा प्लास्टिकचाच ठेवला तर? डॉक्टर म्हणाला, हा नाही टिकायचा, पण आत बारीक जाळी घालून मजबूत करून देतो, सांभाळून वापरला तर वर्षभर जाईल.

भाच्याने नळ बंद केला. मग म्हणाला, "मग पुरेल."

 नंतर डॉक्टरने मला सुट्टीचं विचारलं नाही. जाळीचा पूल बसवला आणि उठवताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्याच्या आजीच्या वयाची, तो माझ्या डोक्यावर हात ठेवतो.

पुरेल हा शब्द मी तेलाला लावते, साबणाला लावते. माणसाला लावलेला पहिल्यांदा ऐकला. बरं, मुलगा चिक्कू म्हणावा तर तसंही नाही, न मागता माझ्या पलंगावर नवी मऊ गादी आणून घातली आहे. तिच्यावर झोप येत नाही.

असो. त्या डॉक्टरला तुमच्या भाषेत एक पत्र लिहा, तुमची भाषा त्याला बरोबर लागेल. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना जे काय द्यायचं ते द्या. तुमची भावजय.

ता. क. डॉक्टरला काही लिहू नका. हात हलकाच आहे त्याचा.

आणखी ता. क. मोठ्या दवाखान्यात माझ्या पोटाच्या तपासण्या झाल्या, त्या संध्याकाळी तुमच्या भाच्याने गच्चीवर जाऊन तुम्हाला फोन केला होता. खाली आला तो तोंड धुऊन. मला म्हणाला, थोडी सूज आहे, गोळ्यांनी जाईल, आणि हे पंख्याकडे बघून म्हणाला. तुम्हाला काय म्हणाला, ते मला हवं आहे. इथे सगळे गोड झालेत, कोणाला विचारायची सोय राहिली नाही. मी या घरात आल्यापासून तुम्ही माझ्या रंगाला, स्वयंपाकाला आणि माहेरच्या भांड्यांना नावं ठेवलीत. तुमचा भाऊ अंथरुणावर होता तेव्हा सगळे मला बरा होईल सांगत होते. तुम्ही एकट्या स्वयंपाकघरात आलात आणि म्हणालात, "तो आता उठायचा नाही, काय बोलायचं ते बोलून घे." मला तुमचा राग आला, तो अजून गेलेला नाही. पण मी बोलून घेतलं.

वर्षच असेल तर मला चिनी मातीचा पूल हवा, कितीही खेपा होवोत. प्लास्टिक चहाने पिवळं पडतं, आणि लोकं शेवटचं तोंड बघायला येतील तेव्हा मला पिवळे दात नकोत. पुष्कळ वर्षं असतील तर मग घाई नाही, प्लास्टिकचा चालेल. घरच्यांना हे उलटं वाटेल. तुम्हाला नाही वाटणार.

उत्तर तुम्हीच लिहायचं. फोन करायचा नाही, फोन सून उचलते. भाच्याला विचारायचं नाही. तुमच्या सुनेकडून लिहून घ्यायचं नाही, ती मधे मनाचं 'काळजी नसावी' घालते. दिसत नसेल तर मोठ्या अक्षरात एकच ओळ लिहा, पण अक्षर तुमचं हवं.